कप्तान हार्टेनस्टाइन व 'लॅकोनिया'ची हकीकत

शूर पुरुषांची चरित्रे वाचावयास मुलांस आवडते, आणि पाठ्यपुस्तकांतून ती त्यांस पुष्कळ वाचावयास मिळतातही. परंतु त्या पुस्तकांतील बहुतेक पुरुष वाचकांच्या पक्षाचे असतात. आम्ही ज्याचे चरित्र येथे देत आहो तो मात्र शत्रुपक्षाचा होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचे लाखो शिपाई ज्या बाजूने लढले, त्या बाजूची जहाजे बुडविणे हा त्याचा धंदा होता व त्यात तो निष्णात होता. ज्या राजवटीची तो नोकरी करीत होता तिने यहूदी लोकांचा जो संहार केला तो जगजाहीर आहे. असे असूनही १९४२ सालच्या सप्टेंबर महिन्यातील चार दिवसांकरिता त्याचे नाव त्याच्या शत्रूंनीच आदराने जपून ठेविले. ते का, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावे अशी आमची इच्छा आहे.

वेर्नर हार्टेनस्टाइन याचा जन्म २७ फेब्रुवारी १९०८ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात प्लाउएन या शहरी झाला. हे शहर लेस विणण्याच्या कलेबद्दल प्रसिद्ध असून समुद्रापासून बरेच लांब आहे. तरीही या मुलाने दर्यावर्दीपणाच पत्करला व १९२८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो आरमारात दाखल झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीस पाणबुड्या बाळगण्याची मनाई केलेली होती. त्यामुळे त्याची उमेदवारी पाण्यावरील जहाजांवरच झाली. १९३९ साली युद्ध पेटल्यावर प्रथम तो टॉर्पेडो बोटींवर अधिकारी होता. पुढे १९४१ साली तो पाणबुड्यांच्या शाखेत आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'यू-१५६' ही नवी कोरी पाणबुडी त्याच्या हवाली करण्यात आली.

पाणबुडी म्हणजे सदासर्वदा पाण्याखालून चालणारे जहाज, अशी मुलांची समजूत असते. त्या काळच्या पाणबुड्या तशा नव्हत्या. तेलावर चालणाऱ्या एंजिनास हवा लागते. म्हणून पाणबुडीचा बहुतेक प्रवास पाण्याच्या पृष्ठभागावरूनच होत असे. पाण्याखाली गेल्यावर ती विजेच्या बॅटऱ्यांवर चाले. तेव्हा तिचा वेग मंद होई व काही तासांनी बॅटऱ्यांची शक्ती संपत येई. 'यू-१५६'ची लांबी सुमारे ७७ मीटर होती आणि तीत पन्नासांवर माणसे दाटीवाटीने राहत. विमान दिसताच बाहेरील माणसांनी आत उड्या टाकावयाच्या, झाकण लावावयाचे आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात बुडी मारावयाची, हाच तिचा खरा बचाव. पाठीवर परकी माणसे असली तर तिला बुडी मारता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

१९४२ च्या फेब्रुवारीत हार्टेनस्टाइन कॅरिबियन समुद्रात शिरला. तेथील अरूबा बेटावर खनिज तेल शुद्ध करण्याचा एक मोठा कारखाना होता व ब्रिटिश विमानांस लागणारे तेल तेथून जात असे. १६ फेब्रुवारीच्या रात्री त्याने सान निकोलास बंदराच्या तोंडाशी येऊन तेलाच्या जहाजांवर टॉर्पेडो सोडले. नंतर कारखान्यावर तोफ डागण्याचा हुकूम झाला. परंतु पाणी आत जाऊ नये म्हणून तोफेच्या तोंडाला जे बूच बसविलेले असते ते घाईत काढावयाचे राहून गेले. गोळा नळीतच फुटला, नळीचे तोंड फाटले, एक गोलंदाज मरण पावला आणि एका अधिकाऱ्यास पाय गमवावा लागला. त्या अधिकाऱ्याचा जीव वाचावा म्हणून त्यास फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटावर उतरवून देण्यात आले. तोफेचे काय करावे? हार्टेनस्टाइनने नळीचा फाटलेला भाग लोखंड कापण्याच्या करवतीने कापून काढविला, आणि त्या आखूड तोफेनेच पुढे आणखी जहाजे बुडविली. माणूस किती चिवट होता हे यावरून दिसेल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'ब्लेकली' या अमेरिकन विनाशिकेचे नाक त्याने टॉर्पेडोने उडवून दिले. येथवरची त्याची कारकीर्द इतर जर्मन कप्तानांसारखीच आहे. ती कितीही यशस्वी असली तरी आम्ही तिच्याकरिता लेखणी उचलली नसती.

ऑगस्टमध्ये चार मोठ्या पाणबुड्यांची एक टोळी दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउनकडे निघाली. तेथील जहाजांवर अवचित छापा घालावा असा बेत होता. 'यू-१५६' त्या टोळीत होती. १२ सप्टेंबर रोजी, शनिवारी, आफ्रिकेच्या पश्चिमेस भर अटलांटिक महासागरात, असेन्शन बेटाच्या ईशान्येस तिला क्षितिजावर धूर दिसला. ते कुनार्ड कंपनीचे 'लॅकोनिया' हे जवळजवळ वीस हजार टनांचे जहाज होते. शांततेच्या काळात ते उतारूंची ने-आण करी. युद्धात त्यावर तोफा बसवून त्याचा उपयोग सैन्य नेण्याकडे होऊ लागला होता. ते सुएझहून निघून आफ्रिकेस वळसा घालून इंग्लंडकडे चालले होते, आणि दिवे मालवून नागमोडी चालीने एकटेच जात होते.

युद्धाचे कायदे पाहू गेल्यास असे जहाज बुडविण्यास मनाई नव्हती. साध्या व्यापारी जहाजाची गोष्ट वेगळी. त्यावरील माणसे सुरक्षित ठिकाणी पोहोचविल्याखेरीज ते बुडवू नये, असा करार १९३६ साली लंडन येथे झाला होता व जर्मनीनेही तो मान्य केला होता. परंतु १९४२ उजाडेपर्यंत तो नुसता कागदावर उरला होता. 'लॅकोनिया' तर तोफा असलेले, सैन्य वाहणारे जहाज. हार्टेनस्टाइनने काळोख पडण्याची वाट पाहिली आणि रात्री आठच्या सुमारास दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही लागले.

त्या जहाजावर सुमारे २,७०० माणसे होती. त्यांत ब्रिटिश शिपाई, खलाशी, बायका व मुले होती; परंतु दोन तृतीयांश लोक, म्हणजे सुमारे १,८०० जण, उत्तर आफ्रिकेत पाडाव झालेले इटालियन कैदी होते. त्यांस तळघरात कुलपे लावून कोंडले होते व त्यांवर पोलिश शिपायांचा पहारा होता. टॉर्पेडो तळघरांशीच फुटल्याने शेकडो कैदी जागच्या जागी मेले. उरलेल्यांनी दारे फोडून वर धाव घेतली, तेव्हा कित्येकांस संगिनींनी मागे लोटण्यात आले. होड्या अपुऱ्या पडल्या; काही तर टॉर्पेडोच्या धक्क्याने फुटल्या होत्या. एक तासानंतर जहाज बुडाले. त्याबरोबर त्याचे कप्तान रुडॉल्फ शार्प हेही गेले. या शार्प यांनी १९४० साली 'लँकॅस्ट्रिया' हे आपल्या हाताखालचे दुसरे जहाज हजारो माणसांसह बुडताना पाहिले होते. एका माणसाच्या कपाळी असे दोनदा यावे, हे वाचून आमचे मन फार कष्टी झाले.

जहाजावरील प्रमुख अधिकारी कैद करता आल्यास करावे म्हणून हार्टेनस्टाइन पाणबुडी घेऊन जवळ आला. अंधारात पाण्यातून आरोळ्या ऐकू येत होत्या. तो थांबून ऐकू लागला, आणि त्या आरोळ्या इटालियन भाषेतील आहेत हे त्याच्या ध्यानी आले. इटली त्या वेळी जर्मनीचा मित्र होता. आपण आपल्याच दोस्तांस बुडविले, हे त्यास त्या क्षणी कळले.

येथे आम्ही थोडे थांबतो. त्याने माणसे उचलण्यास आरंभ केला तो इटालियनांकरिता, हे खरे आहे व ते लपविण्यात अर्थ नाही. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या शाळेतील प्रत्येक मुलास पाठ आहे. परंतु त्या शोमरोन्याने वाटसरूस स्वतः जखमी केले नव्हते. हार्टेनस्टाइनने पाण्यातून काढलेला प्रत्येक माणूस त्याच्याच टॉर्पेडोमुळे पाण्यात पडलेला होता. म्हणून त्यास साधू ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. मात्र काळोख्या पाण्यात माणसाचा हात पकडताना हा इटालियन की इंग्रज, हे कोणास ओळखता येते? पहिल्या काही तासांतच इटालियनांबरोबर इंग्रज, पोलिश, बायका, मुले, जे हाती लागले ते सर्व वर घेतले गेले. पहाटेपर्यंत त्या लहानशा पाणबुडीवर १९३ माणसे झाली होती.

मध्यरात्रीनंतर त्याने बिनतारी यंत्राने आपले सेनापती अॅडमिरल डोनिट्झ यांस हकीकत कळविली व हुकूम मागितला. डोनिट्झ यांनी बचावास संमती दिली आणि आसपासच्या इतर पाणबुड्यांस त्या जागी जाण्यास फर्माविले. खुद्द हिटलरचा कल मात्र केप टाउनच्या बेतात व्यत्यय येऊ नये याकडे होता. उजाडला तो रविवार. सकाळी सहा वाजता हार्टेनस्टाइनने जे केले त्यास पाणबुड्यांच्या इतिहासात तोड नाही. त्याने इंग्रजी भाषेत, सांकेतिक लिपी न वापरता, आपले ठिकाण साऱ्या जगास बिनतारी संदेशाने कळविले. जे जहाज या बुडालेल्या लोकांच्या मदतीस येईल त्यावर, आपणावर हल्ला न झाल्यास, आपण हल्ला करणार नाही असे त्याने वचन दिले. पाणबुडीचे सर्व सामर्थ्य तिच्या गुप्तपणात असते. आपले ठिकाण शत्रूस सांगणे म्हणजे चोराने स्वतः दिवा लावून उभे राहण्यासारखे आहे. ब्रिटिशांस ही शत्रूची हूल वाटली. तीन वर्षे अशाच लढाईत असलेल्या लोकांस तसे वाटले, याबद्दल त्यांस फार दोष देता येत नाही.

त्यानंतर तीन दिवस 'यू-१५६' त्या समुद्रावर विखुरलेल्या होड्या गोळा करीत फिरली. उलटलेल्या होड्या सरळ केल्या, फुटलेल्यांची डागडुजी केली, एका होडीत फार माणसे असल्यास ती दुसरीत वाटून दिली. खलाशांनी आपले बिछाने बायकामुलांस दिले. गरम सूप, कॉफी व पाव यांचे वाटप झाले. शार्क माशांनी चावे घेतलेल्या इटालियनांच्या जखमा बांधल्या गेल्या. १५ तारखेपासून मदतीच्या पाणबुड्या येऊन पोहोचू लागल्या: 'यू-५०६' व 'यू-५०७' या जर्मन आणि 'कॅप्पेलिनी' ही इटालियन. फ्रान्सच्या विशी सरकारची युद्धनौकाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघाली होती. आणखी एकदोन दिवस निभावले असते, तर सर्वांची सुटका झाली असती.

या लोकांत मिस डोरिस हॉकिन्स नावाच्या एक मिशनरी परिचारिका होत्या. पॅलेस्टाईनमध्ये पाच वर्षे सेवा करून त्या स्वदेशी परतत होत्या. इंग्लंडास पोहोचविण्याकरिता त्यांच्या हाती सोपविलेले चौदा महिन्यांचे एक मूल जहाज बुडण्याच्या गर्दीत त्यांच्या हातून सुटले व पुन्हा दिसले नाही. पाणबुडीवर ज्या स्त्रियांस आसरा मिळाला त्यांत त्या होत्या. पुढे १९४३ साली, म्हणजे युद्ध ऐन रंगात असताना, त्यांनी आपल्या देशात एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जर्मन खलाशांनी दाखविलेल्या ममतेची व त्यांच्या कप्तानाच्या सौजन्याची हकीकत त्यांनी जशीच्या तशी दिली आहे. ज्याच्या टॉर्पेडोने ते मूल नाहीसे झाले त्याच माणसाविषयी हे लिहावयाचे होते. या दोघांपैकी कोणाचे धैर्य मोठे, हे आम्हांस ठरविता येत नाही.

१६ सप्टेंबर रोजी 'यू-१५६'च्या पाठीवर व पोटात शंभरावर माणसे होती, आणि तिने चार होड्या दोराने मागे बांधून घेतल्या होत्या. दुपारच्या आधी एक अमेरिकन 'लिबरेटर' विमान आले. असेन्शन बेटावर अमेरिकेने त्याच वर्षी गुप्तपणे विमानतळ बांधला होता. हे विमान तेथील. हार्टेनस्टाइनने पाणबुडीवर तांबड्या क्रुसाचे मोठे निशाण पसरविले. दिव्याच्या उघडझापीने विमानास संदेश पाठविण्यात आला. वाचविलेल्यांपैकी एका ब्रिटिश वैमानिक अधिकाऱ्यानेही पाणबुडीवर बायकामुले असल्याचे तसेच कळविले. विमानातून उत्तर आले नाही. वैमानिकाने दूर जाऊन तळावर विचारणा केली. तळावरील अधिकाऱ्यास बचावाची पूर्ण हकीकत ठाऊक नव्हती. पाणबुडी आपला नवा विमानतळ व मदतीस येणारी दोस्त जहाजे दोन्ही उद्ध्वस्त करील, ही भीती मात्र त्यास होती. त्याने पाणबुडी बुडविण्याचा हुकूम दिला.

तासाभराने विमान परतले व बाँब पडू लागले. एक बाँब मागच्या होड्यांमध्ये पडून अनेक माणसे ठार झाली. दुसऱ्याने पाणबुडीस इजा केली. आतील बॅटऱ्यांतून विषारी वायू निघण्याचा संभव उत्पन्न झाला. पाठीवर माणसे असता पाणबुडीस बुडी मारता येत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. हार्टेनस्टाइनने दोर तोडविले, ज्यांस त्याने चार दिवस सांभाळले होते त्या सर्वांस पाण्यात उतरण्यास सांगितले, आणि बुडी मारली. विमानावर उलट तोफ डागण्यास मात्र त्याने आपल्या माणसांस परवानगी दिली नव्हती. पाणबुडी बुडाली अशा समजुतीने विमानातील लोकांस पुढे पदके मिळाली.

फ्रेंच जहाजांनी येऊन पुष्कळांस वाचविले. एकूण सुमारे १,१०० जीव वाचले व सोळाशेच्या आसपास गेले. गेलेल्यांत बहुसंख्य इटालियन कैदी होते. दोन होड्या मात्र कोणाच्याच दृष्टीस पडल्या नाहीत. एकीत ६८ माणसे होती. ती सत्तावीस दिवसांनी लायबेरियाच्या किनाऱ्यास लागली तेव्हा १६ जिवंत होती. त्या सोळांत मिस हॉकिन्स होत्या. याच होडीत एक डॉक्टर होते. त्यांच्या अंगात विष भिनले. आपल्यापासून इतरांस अपाय होईल आणि आपले पाणी त्यांच्या उपयोगी पडेल, असे जाणून ते आपणहून समुद्रात उतरून गेले. दुसऱ्या होडीत पन्नासावर माणसे होती. चाळीस दिवसांनी ती एका ब्रिटिश जहाजास सापडली तेव्हा तीत चार जण उरले होते.

१७ सप्टेंबर रोजी दोन गोष्टी घडल्या. हार्टेनस्टाइनला 'नाइट्स क्रॉस' हे मोठे पदक जाहीर झाले. आणि त्याच दिवशी डोनिट्झ यांनी सर्व पाणबुड्यांस हुकूम सोडला की, यापुढे बुडालेल्या जहाजांवरील माणसे वाचविण्याचा कोणताही प्रयत्न करू नये. पोहणाऱ्यांस उचलू नये, होड्या सरळ करू नयेत, अन्नपाणी देऊ नये. हा 'लॅकोनिया हुकूम' म्हणून प्रसिद्ध आहे. युद्धानंतर न्युरेंबर्ग येथील खटल्यात डोनिट्झ यांच्याविरुद्ध तो पुढे करण्यात आला. तेव्हा अमेरिकेचे अॅडमिरल निमिट्झ यांनी लेखी साक्ष दिली की, पॅसिफिक महासागरातील अमेरिकन पाणबुड्याही पहिल्या दिवसापासून इशारा न देता जहाजे बुडवीत व स्वतःस धोका असल्यास बुडणाऱ्यांस वाचवीत नसत. १९४६ साली डोनिट्झ यांस दहा वर्षांची शिक्षा झाली; परंतु ती पाणबुड्यांच्या युद्धाचे नियम मोडल्याबद्दल दिलेली नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. ज्या दयेमुळे हजारावर माणसे वाचली तिच्यातूनच दयेस बंदी करणारा हुकूम निघाला, ही या हकीकतीतील सर्वांत दुःखाची गोष्ट होय. त्या हुकुमानंतर किती होड्या अन्नपाण्यावाचून सोडल्या गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही.

मग हार्टेनस्टाइनने स्वतः काय केले? १९ सप्टेंबर रोजी, म्हणजे बाँब पडल्याच्या चौथ्या दिवशी व तो हुकूम निघाल्यावर दोनच दिवसांनी, त्याने 'क्वेबेक सिटी' हे ब्रिटिश जहाज बुडविले. कामात कसूर केली नाही. नंतर तो पाणबुडी घेऊन होड्यांजवळ गेला, खलाशांची विचारपूस केली व जमीन कोणत्या दिशेस आहे हे त्यांस सांगितले. मूळच्या वैऱ्याप्रमाणेच आता वरिष्ठांचा हुकूमही त्याच्या आड येत होता. पाणबुडी डागडुजी करून तळावर परतली. एकूण वीस जहाजे, मिळून सुमारे ९७,००० टन, हा तिचा हिशेब झाला. त्यांतील प्रत्येक जहाजावर माणसे होती.

१९४३ च्या आरंभी 'यू-१५६' पुन्हा पश्चिमेकडे निघाली. तोपर्यंत अटलांटिकवरील पारडे फिरू लागले होते. विमानांस रडार मिळाले होते आणि पाणबुड्या एकामागून एक नाहीशा होत होत्या. त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांतून गेलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन परत आले नाहीत. ८ मार्च १९४३ रोजी बार्बाडोस बेटाच्या पूर्वेस, पाणबुडी पृष्ठभागावर असताना, एक अमेरिकन 'कॅटलिना' विमान ढगांतून अवचित खाली आले. त्याचे बाँब अचूक पडले. पाणबुडीचे तुकडे झाले व ती बुडाली.

विमान वर घिरट्या घालीत राहिले. वैमानिकांस पाण्यात अकरा माणसे पोहताना दिसली. त्यांनी खाली येऊन रबराचा तराफा व अन्न टाकले, आणि बिनतारी यंत्राने आपल्या आरमारास ठिकाण कळविले. पाच जण तराफ्यावर चढलेले त्यांस दिसले. त्यांत कप्तान होता की नाही हे वरून समजण्यासारखे नव्हते. 'बार्नी' नावाची अमेरिकन विनाशिका त्यांच्या शोधास धाडण्यात आली. तिने तो समुद्र पालथा घातला. परंतु तराफा किंवा माणसे पुन्हा कोणास आढळली नाहीत.